पैलवानाचा सूर

त्या घरात साधं बोलणं कोणाला जमतच नसे. "जरा मीठ दे" एवढं वाक्यही असं गर्जून यायचं, की शेजारच्या घरातला माणूस मिठाची बरणी शोधायला उठावा. समोर नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटे, या लोकांचं रोज सकाळी कडाक्याचं भांडण जुंपतं. मग हळूहळू कळे, की भांडण नव्हे, गप्पा चालल्यात. बाबा बस चालवायचे, त्यांचा आवाज इंजिनावरून जायला शिकलेला. आई घरी शिवणकाम करायची, तिचा आवाज मशीनवरून जायचा. आणि या दोन्ही आवाजांच्या डोक्यावरून जाणारा आवाज त्यांच्या लेकीचा. तिला खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. बाकी साऱ्या जगासाठी ती भोंगा.

"आपल्या घराचा गळाच तसा आहे," आजोबा छाती फुगवून सांगत. "कुजबुजणारे लोक मला पटत नाहीत. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतात, त्यांचं त्यांना ठाऊक."

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. बॉयलरच्या कारखान्यात त्यांनी सगळी उमर वेल्डिंग केलं. आता ते निवृत्त होते. म्हणजे पगार थांबला होता, आजोबा थांबले नव्हते. दाराची बिजागरी, बादलीची कडी, आईच्या मशीनचा पट्टा, जे दिसेल ते उघडून बघायचं आणि उरलेला एखादा स्क्रू खिशात टाकून "हा जास्तीचाच होता" म्हणायचं.

पण त्यांच्या हातचं सगळ्यात मोठं काम न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभं होतं. पैलवान!

पैलवान म्हणजे घरचा गिझर. बाजारातला नव्हे. बाबा शाळेत जात असताना आजोबांनी कारखान्यातला जाड पत्रा आणून, वाकवून, जोडून, पोटात विजेची कॉइल बसवून तो स्वतः बनवला होता. माणसाएवढा उंच, दोघांनी कवेत घ्यावा एवढा रुंद, अंगाला जुनं ब्लँकेट गुंडाळलेलं आणि त्या ब्लँकेटला समोरून तीन भोकं. वर एक, पोटावर एक, तळाशी एक. ती भोकं उंदरांची नव्हती. आजोबांनी मुद्दाम कापली होती.

रोज सकाळी ते हातात पाना घेऊन पैलवानासमोर उभे राहत आणि तिन्ही भोकांतून त्याला ठोकत. ठक, ठक, ठक. मग मान तिरकी करून ऐकत आणि अख्ख्या गल्लीला कळेल असं ओरडत, "भरलाऽऽय! वाजतोऽऽय!" त्याशिवाय आंघोळीची रांग सुरू व्हायची नाही. बाबांची बस चुकायची वेळ आली तरी नाही. भोंगा अगदी चिमुरडी असताना आजोबांनी तिलाही हे ठोकणं शिकवलं होतं. रिकामा पत्रा कसा ठणठणतो, पाणी असलं की सूर कसा खाली बसतो, कुठे काही साचलं की आवाज कसा मरतो. बाकीच्या पोरी भातुकली खेळत तेव्हा ही घरातली भांडी ठोकत बसायची.

सगळं छान होतं, फक्त एक गोष्ट सोडून. पैलवान खात होता.

वीज! अहो, वीज म्हणजे किती? तो तापायला लागला की दिवे मिणमिणायचे. आईने त्याच वेळी इस्त्री लावली की फ्यूज उडालाच. त्यामुळे दिवसभर एकच आरोळी चाले.

"इस्त्री लावतेय! पैलवान बंद करा!"

"आत्ता कुठे तापतोय!"

"मग मी काय तव्याने इस्त्री करू?"

बरं, एवढं खाऊन अंगाला काही लागावं ना? पूर्वी पैलवान सगळ्या घराला पुरून उरायचा. आता आई आणि भोंगा न्हाऊन बाहेर आल्या, की बाबांच्या अंगावर निम्म्यात गार पाणी. त्या दिवशी तर त्यांच्या डोक्याला साबणाचा फेस तसाच होता.

"पैलवान झोपलाऽऽ!" आतून किंकाळी आली.

"तुम्ही लोक पाणी फार ओतता," आजोबा बाहेरून म्हणाले. "पैलवानात खोट नाही, खोट तुमच्या तांब्यात आहे."

मग नेहमीचं सुरू झालं. आई म्हणाली, भोंगाचे केस लांब आहेत. भोंगा म्हणाली, बाबा पाण्याखाली उभं राहून गाणी म्हणतात. बाबा म्हणाले, आज गाणं नव्हतं, आज दात वाजत होते. पण या वेळी भोंगा तेवढ्यावर थांबली नाही.

कारण भोंगा आता ती भोंगा राहिली नव्हती. वर्षानुवर्षं शाळेत "हळू बोल, हळू बोल" ऐकून बिचारीने वर्गात तोंड उघडायचंच सोडलं होतं. मागच्या महिन्यात खेळांच्या दिवशी माइक ऐन वेळी बंद पडला. सगळं मैदान बावरलेलं, मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि खेळाच्या बाई हिच्याकडे वळून म्हणाल्या, "ये गं, तूच बोल." ती बोलली! या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेवटच्या शर्यतीपर्यंत, माइकशिवाय! त्या दिवसापासून तिची कॉलर जी ताठ झाली, ती इस्त्रीशिवाय ताठच होती. आपला आवाज ही चूक नाही, कामाची वस्तू आहे, हे एकदा कळलं की माणूस बाकीही बरंच काही बोलून बघतो.

तर सुट्टीच्या दुपारी तिने काय करावं? घरातले दिवे, पंखे, फ्रिज, आईचं मशीन, सगळं बंद केलं. फक्त पैलवान चालू. मग सगळ्यांना ओढत मीटरपाशी नेलं.

"कोणी गरम पाणी वापरतंय?"

"नाही बुवा," बाबा म्हणाले.

"मग हे चाक का फिरतंय?"

मीटरमधलं चाक मजेत गरगरत होतं. तेवढ्यात न्हाणीघरातून मांजर आळस देत बाहेर आली. पैलवानाच्या डोक्यावर झोपायची तिची जुनी सवय.

"हिला विचारा," भोंगा म्हणाली. "हिवाळा असो, उन्हाळा असो, महाराणींना ऊब हवी. ती ऊब येते कुठून? आपल्या मीटरमधून! पैलवान पाणी कमी तापवतो, मांजर जास्त तापवतो."

बाबा खो खो हसले. आईने हसू पदरातच ठेवलं, कारण आजोबांचा चेहरा तिला दिसत होता.

"मग काय करायचं म्हणतेस?" आजोबांनी विचारलं.

"बदलायचा," भोंगा म्हणाली. "आता नवीन तऱ्हेचे येतात. हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतात. फ्रिज उलटा चालवल्यासारखं. वीज अगदी थोडी लागते. आणि त्यांची चिलखतं एवढी जाड, की मांजरीला काही मिळणार नाही."

"माझ्या हातचा पैलवान काढायचा. बाजारातला डबा आणायचा."

"आजोबा, तसं नाही हो..."

"ऐक, भोंगा." आजोबांचा आवाज चक्क खाली आला होता. त्या घरात आवाज खाली येणं म्हणजे वीज पडणं. "माझ्या कामात खोट दाखव. उगाच मांजराच्या गोष्टी नकोत. खोट दाखवलीस तर मी माझ्या हाताने त्याला उतरवतो. नाही दाखवलीस, तर मी आहे तोवर हा विषय पुन्हा निघायचा नाही."

ते गेल्यावर बाबांनी भोंगाच्या पाठीवर हात ठेवला. "ते हो म्हणाल्याशिवाय मी त्याचा नटसुद्धा हलवणार नाही, कळलं? मी लहान असताना या पैलवानाचं पाणी प्यायला... म्हणजे, अंघोळीला, सगळी गल्ली यायची. तो नुसता पत्रा नाही गं."

भोंगाला कळलं होतं. म्हणूनच तर तिची झोप उडाली. नुसता गिझर बदलायचा असता, तर तिने सगळ्यांना ओरडून वठणीवर आणलं असतं. पण आजोबांनी 'हो' म्हणायला हवं होतं, आणि तेही मान खाली न घालता. हे कसं जमवायचं?

आईने दुसऱ्या आठवड्यात प्लंबरबाईंना बोलावलं. "नुसतं बघायला," असं आजोबांना सांगून. प्लंबरबाई उंच, खांद्यावर हत्यारांची पिशवी, तोंडात सदा एखादा विनोद. पैलवानासमोर उभ्या राहून त्यांनी पहिल्यांदा कमरेवर हात ठेवले आणि शीळ घातली.

"हा गिझर आहे की रणगाडा?"

"उघडून दाखवू?" त्यांचा आविर्भाव बघूनच आजोबा गुरकावले. "तुमचे पातळ पत्र्याचे डबे दर पावसाळ्याला गळतात. याच्यातून आजवर थेंब बाहेर आलेला नाही. थांबा, ऐकवतोच तुम्हाला."

त्यांनी पाना घेतला. सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिले. आजोबांनी वरच्या भोकात ठोकलं.

ठण्.

पोटावरच्या भोकात ठोकलं.

टण्.

तळाच्या भोकात ठोकलं.

बद्द.

"ऐकलंत?" आजोबा विजयी मुद्रेने वळले. "वरपासून खालपर्यंत एकच सूर!"

भोंगाने वेगळंच ऐकलं होतं. तळ मेला होता. मातीच्या ढिगाऱ्यावर ठोकावं, तसा आवाज. हेच तर आजोबांनी तिला शिकवलं होतं, काही साचलं की आवाज मरतो. मग त्यांनाच कसं... ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. तिने आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. अगदी हळू, माणसं बोलतात तशी, म्हणाली, "आजोबा."

आजोबा वळले नाहीत.

"आजोबा," ती पुन्हा म्हणाली. मांजरीने कान टवकारले. आजोबा प्लंबरबाईंकडे बघून हसतच होते.

आणि मग भोंगाला सगळं एकदम उमगलं. घराचा गळा वगैरे काही नव्हता. कारखान्यातल्या हातोड्यांनी आजोबांचे कान केव्हाच खाऊन टाकले होते, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचता पोहोचता सगळ्या घराचा आवाज एक एक पायरी चढत गेला होता. आधी बाबांचा, मग आईचा. आणि ती तर जन्मल्यापासून त्यांच्या मांडीवर बसून बोलायला शिकली होती! आपण सगळे ओरडत राहिलो, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही. आणि त्यांना कळलं नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

प्लंबरबाईंनी भुवया उंचावून भोंगाकडे पाहिलं. त्यांना तळाचा आवाज ऐकू गेला होता. त्या तोंड उघडणार, एवढ्यात भोंगाने डोळ्यांनीच त्यांना थांबवलं.

खोट हातात होती. आता फक्त ओरडायचं होतं, "आजोबा, तुम्हाला ऐकूच येत नाहीये!" सगळं मैदान गाजवणारा गळा होता तिच्याकडे. पण परक्या बाईंसमोर, घरादारासमोर, पैलवानासमोर? छे! तिने नेहमीच्या मोठ्या आवाजात पाना मागितला.

"आजोबा, मला एक सांगा. कारखान्यात एवढा गोंगाट. तिथे तुम्ही ठोकून कसं ऐकायचात?"

"कानाने कोण ऐकतो तिथे?" आजोबांची कळी खुलली. "हाताने! तळवा ठेवायचा पत्र्यावर. चांगलं काम असलं की तळव्याला मुंग्या येतात. वेल्डरचा कान हातात असतो, पोरी."

"मग दाखवा की. मी ठोकते, तुम्ही हात ठेवा."

आजोबांनी बाही सरसावली आणि वरच्या भोकात तळवा टेकवला. भोंगाने शेजारी ठोकलं. ते हसले. पोटावर हात ठेवला. तिने ठोकलं. त्यांनी मान डोलावली. मग गुडघ्यावर बसून तळाशी हात ठेवला. तिने ठोकलं.

आजोबांचं हसू तिथेच थांबलं.

"पुन्हा."

तिने ठोकलं.

"जोरात."

तिने अंगातलं सगळं बळ लावून ठोकलं. आजोबांनी हात काढला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.  

"दगड," आजोबा शेवटी म्हणाले. "पाण्यातला क्षार. तळाला बसून बसून दगड झालाय. निम्मं पोट भरलंय याचं. म्हणून पाणी पुरत नाही." मग त्यांनी वर पाहिलं, ते थेट भोंगाच्या डोळ्यांत. "आणि हे तुला आवाजावरून कळलं."

भोंगाने मान हलवली.

"मला नाही कळलं."

तिने पाना खाली ठेवला.  आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. बाबा पुढे झाले, पण त्यांनी बाबांना बाजूला सारलं.

"खोट दाखव म्हणालो, दाखवलीस. माझी पेटी आणा. शब्द म्हणजे शब्द."

नवा गिझर आला तो रविवारी. पैलवानाचं पाणी सोडलं, तारा काढल्या, बाबा आणि प्लंबरबाईंनी त्याला दोन्हीकडून धरून दारापर्यंत सरकवला, आणि तिथे तो अडकला. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. पैलवान रुंद, दार अरुंद.

"अहो, मग हा आत आला कसा?" प्लंबरबाई धापा टाकत म्हणाल्या.

बाबा आठवू लागले. आजोबांनी एकदम कपाळाला हात लावला. "आधी पैलवान बसवला होता. भिंत मागाहून बांधली."

"कोणी?" बाबा ओरडले.

"मीच!"

हसता हसता आई दारातच बसली. प्लंबरबाईंनी डोळे पुसले. "वा! म्हणजे घर पैलवानाच्या मापाने शिवलंय, आणि गुंडी लावून टाकलीय!"

"कापावा लागेल," बाबा हळूच म्हणाले. मग लक्षात येऊन जोरात म्हणाले, "कापावा लागेल!"

"दुसरं कोण कापणार?" आजोबांनी जुना काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कापायचं यंत्र उचललं. "माझा सांधा दुसऱ्याच्या पात्याला दाद देणार नाही."

ठिणग्या उडाल्या. न्हाणीघरापासून दिवाणखान्यापर्यंत घर झगमगलं. आणि गंमत म्हणजे, इतकं मोठं यंत्र चालू असूनही दिवे मिणमिणले नाहीत, फ्यूज उडाला नाही. खादाडच जेवायला बसला नव्हता ना! पैलवानाचे दोन तुकडे झाले, तेव्हा सगळे वाकून बघू लागले. तळाला पांढऱ्या पिवळ्या दगडाचे थरावर थर, आणि त्यात कॉइल अशी गाडली गेलेली, की तिची फक्त टोकं दिसत होती.

"म्हणजे इतकी वर्षं," आई म्हणाली, "आपण दगड उकळत होतो."

"आणि तोही कच्चाच राहिला," बाबा म्हणाले.

प्लंबरबाई मात्र दगडाकडे बघत नव्हत्या. त्यांनी वरच्या तुकड्यात हात घालून आतून सांध्यावर बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. सांधा वरपासून खालपर्यंत सरळ, एका श्वासात ओढलेल्या रेघेसारखा. त्याला ना छिद्र, ना गंजाचा डाग.

"आजोबा," त्या मोठ्याने म्हणाल्या. त्याही एव्हाना घरच्या झाल्या होत्या. "एवढा तुकडा मला कापून द्याल? दुकानात टांगीन. कोणी कच्चं काम केलं की हात धरून समोर उभं करीन."

आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी तो तुकडा कापला, कडा घासल्या, पुसला, आणि बाळाला देतात तसा दोन्ही हातांनी दिला.

नवा गिझर मागच्या पॅसेजमध्ये उभा राहिला. पांढरा, गुळगुळीत, घशात खवखवल्यासारखा घुरघुर करणारा. पुस्तिका भोंगाने आधीच पाठ केली होती; पाणी किती तापवायचं ते तिनेच ठरवलं आणि आजोबांना बटणं दाबायला लावली. मांजर एका उडीत त्याच्या डोक्यावर चढली, क्षणभर बसली, आणि असा काही चेहरा करून उतरली, की जणू तिचा जाहीर अपमान झालाय. सरळ जाऊन आईच्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी जाहीर केलं, "मी सगळ्यांच्या शेवटी न्हाणार. खरं काय ते तेव्हा कळेल."

आई न्हाली. भोंगा न्हाली, लांब केस धुऊन. बाबांनी मुद्दाम दोन गाणी म्हटली. मग आजोबा आत गेले आणि दार लागलं. बाहेर तिघं भिंतीला टेकून उभी. आईची इस्त्री तापत होती, दिवे ठणठणीत होते, पण भोंगाचा जीव मुठीत. आत तांब्याचा आवाज. मग शांतता. मग पुन्हा तांब्या. ही शांतता कशाची? गार पाण्याची की समाधानाची?

दार उघडलं, तेव्हा आजोबांच्या आधी वाफ बाहेर आली. मागून लालबुंद आजोबा, खांद्यावर टॉवेल.

"चटका बसला," ते म्हणाले. "डबा बरा आहे."

भोंगाने जी आरोळी ठोकली, तिने समोरचे भाडेकरू गॅलरीत आले.

आजोबा तसेच ओल्या पायांनी पॅसेजमध्ये गेले. सवयीने पाना घेतला आणि नव्या गिझरला ठोकलं. त्यांनी तळवा ठेवून पाहिलं, खाली, वर, मधे. काही नाही. जाड चिलखतातून मुंगीसुद्धा बाहेर येईना.

"हा वाजत नाही," ते म्हणाले. पाना हातात लोंबत राहिला. "मग सकाळी कळायचं कसं?"

"त्याला दिवा आहे. पाणी तापलं की हिरवा होतो."

"दिवा बघायला मला चष्मा लागतो. आणि रांग? रांगेला हाक कोण देणार?"

तिने उत्तर द्यायच्या आधीच आजोबांनी पाना तिच्या हातात ठेवला. ठोकायला काही नव्हतं, तरी ठेवला. तेवढ्यात बाबा आले आणि चाचरत म्हणाले, "एकदा कानाच्या डॉक्टरांकडे..."

"जाऊ, जाऊ. घाई काय?" आजोबांनी टॉवेलने मान पुसली आणि भोंगाकडे हनुवटीने खूण केली. "कान गेलाय कुठे? घरातच आहे. हिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच भोंगा पॅसेजमध्ये उभी राहिली. हातात पाना, कॉलर ताठ. दिवा हिरवा झाला. तिने पोटभर श्वास घेतला.

"भरलाऽऽऽय!"

समोरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "आमचाऽऽही!" आणि स्वयंपाकघरात बसलेल्या आजोबांनी कानाला हात न लावता, मान तिरकी न करता, आरामात चहाचा घोट घेतला.